चौथ्या तासाचा निरोप

मिसेस व्हिटेकरांनी ओला स्पंज ब्रिनच्या कपाळावर टेकवला आणि पांढरा रंग थेट केसांच्या रेषेपर्यंत ओढून नेला.

"डोळे मीट. पापण्या राहिल्या तर मेल्यासारखी नाही, घुबडासारखी दिसशील."

ब्रिनने डोळे मिटले. रंग गार होता आणि त्याला खडूसारखा वास होता. घटकाभरापूर्वी ती इतिहासाच्या तासाला बसलेली असताना भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागले, मग ते थांबले, दार उघडले आणि काळ्या झग्यातला मृत्यू वर्गात आला. त्याने अक्षरही न उच्चारता ब्रिनच्या खांद्यावर हात ठेवला. झग्याखालून पोपटी रंगाचे धावण्याचे बूट दिसत होते, त्यामुळे तो कुस्तीचा कोच डूली आहे हे अख्ख्या वर्गाने ओळखले होते.

"कुणी हसलं का?" व्हिटेकरांनी विचारले. त्या शाळेच्या समुपदेशक होत्या आणि या दिवसाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती.

"डाल्टन म्हणाला, मेलीच आहेस तर तुझी पार्किंगची जागा मला दे."

"गाढव."

"मी म्हटलं, घे. पण त्यावरची क्लॅरिनेट पुसायची नाही."

शेवटच्या वर्षाची मुले ऑगस्टमध्ये आपापल्या पार्किंगच्या जागा रंगवीत असत. ब्रिनने सबंध एक दिवस उन्हात ओणवे राहून आपल्या जागेवर जांभळी क्लॅरिनेट काढली होती. ती पाहायला आई येणार होती, पण त्या दिवशीही तिला आयत्या वेळी कुठेतरी जावे लागले होते. कुठे, ते ब्रिनने विचारले नाही. अशा वेळी विचारायचे नाही, हे त्या घरात न सांगता ठरले होते.

प्रॉमच्या नाचाआधीच्या आठवड्यात मेपल रन हायस्कूलमध्ये एक वर्षाआड हा दिवस पाळला जाई. दर पंधरा मिनिटांनी मृत्यू एका वर्गात येऊन एकाला उचलून नेई. जणू दारू प्यायलेल्या कुणा चालकाने तितक्यात आणखी एक बळी घेतला होता. उचललेल्या मुलाने तोंडाला पांढरा रंग लावून आणि अंगात काळा शर्ट घालून परत वर्गात जायचे, पण दुसऱ्या दिवशीच्या सभेपर्यंत कुणाशी बोलायचे नाही आणि इतरांनीही तो नसल्यासारखेच वागायचे. दरम्यान पोलीस त्याच्या आईवडिलांकडे जाऊन, खरोखरीच्या प्रसंगी सांगतात त्याच शब्दांत, मूल गेल्याचे सांगत. आईवडिलांनी आधीच संमती दिलेली असे. तरीही ते रडत. त्याचे चित्रण सभेत दाखवले जाई आणि मग सगळी शाळा रडे.

"तुझी आई रडेल ना?" स्पंज बुडवता बुडवता व्हिटेकर म्हणाल्या. "मागच्या खेपेला एका बापानं पोलिसाचं ऐकून घेतलं आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा वर केला. सगळी जिम हसली. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात."

"माहीत नाही," ब्रिन म्हणाली.

हे खरे होते. तेच तर तिला पाहायचे होते.

मेलेली मुले शाळाच निवडत असे. खेळाडूंमधला एक, नाटकवाल्यांमधली एक, बँडमधला एक, अशी. पण मार्च महिन्यात ब्रिन आपण होऊन या खोलीत आली होती आणि मला घ्या म्हणाली होती. व्हिटेकरांनी कारण विचारले तेव्हा बँडमधून कुणीतरी लागेलच ना, एवढेच ती बोलली. खरे कारण सांगण्याजोगे नव्हते. गेली तीन वर्षे आईने तिच्याकडे पुरते पाहिले नव्हते. बँडच्या कार्यक्रमांना आई यायची, चुकवायची नाही. पण बसायची ती दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर, गुडघ्यावर फोन उताणा ठेवून. ब्रिन जेवताना काही सांगू लागली की आई हसून ऐकायची आणि मध्येच तिची नजर ओट्यावरच्या फोनकडे जाऊन परत यायची. फोन गॅरेटचा यायचा. किंवा यायचा नाही. ब्रिनपेक्षा चार वर्षांनी मोठा असलेला तिचा भाऊ गॅरेट नशेच्या नादी लागून गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी घरातून गेला होता. दर थोड्या दिवसांनी तो नव्या नंबरावरून बोलायचा, मग तो नंबर बंद पडायचा. लोकांना सांगायचे ते ठरलेले होते: गॅरेट कोलोरॅडोत आहे, बर्फावरच्या घसरगुंड्यांपाशी लोकांना डोंगरावर नेणारे तारेवरचे पाळणे चालवतो. वडील दुसऱ्या संसारासह इंडियानात होते आणि त्यांनाही हेच सांगितलेले होते.

पोलिसाच्या तोंडून आपले नाव ऐकताना तरी आईच्या चेहऱ्यावर फक्त आपण असू, दुसरे कुणी नसेल. एवढ्यासाठी ब्रिन मरायला तयार झाली होती.

"एक घोळ झालाय," व्हिटेकर म्हणाल्या. "ऑफिसर डेंबस्कींचं पोट बिघडलंय. आपल्या शाळेचा पोलीस, त्याला आजच हगवण लागायची होती. शेरीफच्या कचेरीनं दुसरा माणूस पाठवलाय, प्रुएट म्हणून. बरा दिसतो. तुझ्या आईला डेंबस्की येणार एवढंच माहिती आहे, तेही जेवणाच्या सुट्टीनंतर. पण याला पुढे कोर्टात जायचंय, म्हणून आत्ताच उरकून घेऊ. चालेल ना?"

"चालेल. मी बघू शकते का? चौथ्या तासाला मी ऑफिसात मदतीला असते, आईच्या खोलीसमोरच."

व्हिटेकरांनी हात थांबवला.

"काचेपलीकडून. झेरॉक्सच्या यंत्रामागं उभी राहा. तिनं तुला बघितलं तर तिला हसू येईल." मग त्यांनी डोळ्यांखाली काळसर रंगाची बोटे फिरवली, मागे सरून पाहिले आणि म्हणाल्या, "झालं. आता तोंड बंद. उद्यापर्यंत एक अक्षर नाही."

मार्गिकेत लॉकरांपाशी उभ्या असलेल्या मुलांनी तिला वाट करून दिली. कुणीतरी हळूच "अरे, ब्रिन पण गेली?" म्हणाले आणि दुसऱ्याने "गप, मेलेल्यांशी बोलत नाहीत," म्हणून त्याला ढोसले. पाण्याच्या नळापाशी जोडीने उभ्या असलेल्या दोन मुलींनी मात्र तिच्याकडे पाहून एकदम नजर वळवली. त्यात काही खोटे नव्हते.

ऑफिस आणि नर्सची खोली यांच्यामध्ये अर्धी भिंत काचेची होती. खरी नर्स चार शाळा मिळून एक, आठवड्यातून दोनदा यायची. बाकी सगळा कारभार ब्रिनच्या आईच्या, रोंडा होरवाथच्या हातात असे. पोट दुखले तर बर्फ, बोट चेमटले तर बर्फ, प्रेम मोडले तरी रोंडाबाई बर्फच देतात, असे मुले म्हणत. ती आता पाठमोरी उभी राहून यंत्रातला बर्फ छोट्या पिशव्यांत भरत होती.

ऑफिसच्या दारातून शेरीफचा माणूस आला. उंच, पन्नाशीचा, पूर्ण गणवेशातला. त्याच्या मागे कॅमेरा खांद्याला लावून चित्रफितीच्या वर्गातला लाइल ओसूना होता. त्याने ब्रिनला पाहून एक भुवई उडवली, मग नियम आठवून छताकडे पाहिले. दोघे नर्सच्या खोलीत गेले, कॅमेरा दिसू नये म्हणून लाइल प्रुएटच्या पाठीआड राहून, आणि दार लागले. ब्रिन यंत्रामागे सरकली. व्हिटेकर तिच्या शेजारी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

काचेतून आवाज येत नव्हता. प्रुएटने टोपी काढून छातीशी धरली. आई वळली. त्याचे ओठ हलले. एक वाक्य, तेही पुरते नसावे.

ब्रिन आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

चेहऱ्यावर काहीच आले नाही. उलट जे होते तेही ओसरून गेले आणि तिथे एक विलक्षण शांतपणा आला. फार वेळ ताटकळलेल्या माणसाला आपला क्रमांक पुकारला गेल्यावर येतो, तसा. आई दोन शब्द बोलली. मग हातातल्या पिशवीच्या तोंडाला तिने नीट गाठ मारली आणि पिशवी बर्फपेटीत ठेवली. हात पुसले. खुंटीवरचा कोट घेतला, खिसा चाचपून किल्ल्या पाहिल्या. बोलणे चालूच होते, घाई नसलेले, एखाद्याला पत्ता समजावून सांगावा तसे. एकदा तिने काचेकडे, अगदी ब्रिनच्या दिशेने बोट दाखवले. ब्रिन खाली वाकली. पुन्हा वर पाहिले तेव्हा आई बसगाड्यांच्या वाटेकडे उघडणाऱ्या मागच्या दारापाशी पोहोचली होती.

"कुठं निघालीय ही?" व्हिटेकर पुटपुटल्या.

आत प्रुएटने हात पुढे केला. एक पाऊल टाकले आणि काहीतरी सावकाश, सुटे सुटे करून सांगितले.

आई थांबली. कोटाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत असलेली. मग तिचे खांदे खाली आले, हात छातीवर गेला आणि ती हसली. तोंड भरून, मान मागे टाकून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. तिने प्रुएटच्या दंडावर चापटसुद्धा मारली. इतके हसताना ब्रिनने तिला कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते.

"अरे देवा," व्हिटेकर म्हणाल्या. "हसली." मग ब्रिनकडे न पाहता घाईघाईने, "घाबरून हसतात गं लोक. होतं असं. आपण परत घेऊ."

त्या आत गेल्या. ब्रिनने हात यंत्राच्या झाकणावर ठेवला होता, तो तिथेच राहिला. झाकण गरम होते. तिच्या तोंडाच्या कडेला वाळलेला रंग तडकला आणि त्याचा पापुद्रा काळ्या शर्टवर पडला. मुलगी मेल्याचे ऐकून तिच्या आईने पिशवीला गाठ मारली होती, कोट घातला होता, आणि मग ती हसली होती. हे क्रमाने पुन्हा पुन्हा तिच्या डोळ्यांपुढून जात राहिले. क्रम बदलून पाहिला तरी त्याचा अर्थ बदलत नव्हता.

दुसऱ्या खेपेला सगळे ठीक झाले. आई खुर्चीवर बसली, प्रुएट कार्डावरून वाचल्यासारखे बोलला आणि आईने दोन्ही हातांनी तोंड झाकले. तिचे अंग हलू लागले ते थांबेना. अखेर लाइलनेच कॅमेरा खाली घेतला. ब्रिन हे पाहत होती. पण टीव्हीवर दुसऱ्या राज्यातले वादळ पाहावे तशी. हवे होते ते मिळाले होते, आणि आता ते घेऊन काय करावे हे तिला समजत नव्हते.

व्हिटेकर डोळे टिपत बाहेर आल्या. "जबरदस्त," असे ओठ हलवून त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या. प्रुएट त्यांच्या मागून आला आणि ब्रिनपाशी थांबला.

"तू ब्रिन?"

तिने मान हलवली. त्याने टोपी हातात एकदा गोल फिरवली.

"तुझी आई," तो म्हणाला. पुढे बोलणार असे वाटले, पण त्याने टोपी डोक्यावर घातली आणि तो निघून गेला.

काचेपलीकडे आईने टेबलावरचा फोन उचलून पाहिला, उताणा ठेवला आणि ती पुन्हा बर्फ भरू लागली.

उपाहारगृहात ब्रिन एकटीच एका टोकाच्या टेबलाशी बसली. शेजारच्या टेबलावर प्रॉमला कोण कुणाच्या गाडीतून जाणार यावर भांडण चालले होते आणि तिच्याकडे कुणी मुद्दाम पाहत नव्हते. थोड्या वेळाने लाइलने तिच्यासमोर ट्रे आदळला.

"मेलेल्यांशी बोलायचं नाही म्हणतात, पण कॅमेरावाल्यांना सूट असते. बातमीदारासारखं." त्याने बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांची वाटी पुढे सरकवली. "खा. भुतांना भूक लागते असं माझी आजी म्हणते. ती त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवते. रात्री माझा काका ते खातो, पण ती गोष्ट वेगळी."

ब्रिनने मान हलवून नको म्हटले. लाइल एरवी थांबत नसे. आता तो थांबला आणि वाटीतला एक गोळा काट्याने दाबून चपटा करत बसला.

"दोन आहेत," तो शेवटी म्हणाला. "चित्रण. व्हिटेकरबाईंनी फक्त दुसरं ऐकलंय. पहिल्याचं त्यांना वाटतं, तुझी आई हसली म्हणून वाया गेलं. तू काचेपलीकडं होतीस ना? तुला ऐकू आलं नसेल." त्याने कॅमेऱ्याचा छोटा पडदा उलगडला आणि कानात घालायच्या तारा तिच्यापुढे ठेवल्या. "मला वाटलं, पुसायच्या आधी तू ऐकावंस. नको असेल तर नको."

नको, असेच तिला म्हणायचे होते. पण म्हणता येत नव्हते, आणि तेवढ्यात तिच्या हाताने तारा उचलल्या होत्या.

"मिसेस होरवाथ? मी प्रुएट, काउंटी शेरीफच्या—"

"कुठं सापडला?"

यंत्रात बर्फ कोसळल्याचा आवाज.

"मॅम, मी—"

"गाडीत होता का? एकटा होता?" आईचा आवाज हळू होता, नर्सच्या खोलीत आजारी मुलाशी बोलताना असे तसाच. "एकटा असेल असंच मला नेहमी वाटतं. सांगू नका, तिथं गेल्यावर सांगा. ओळख पटवायला यायचं असेल ना? येते. कोट घेते. नाही, इकडून नको, मागच्या दारानं जाऊ. माझी मुलगी समोर ऑफिसात आहे, चौथ्या तासाला ती तिथं मदतीला असते. तुमची टोपी दिसली की तिला कळेल."

"मॅम, जरा ऐकता का—"

"तिला आत्ता सांगायचं नाही. सहाव्या तासाला तिचा बँड आहे, तिला एकटीला वाजवायचा तुकडा आहे आज. महिनाभर बसलीय त्यावर. तो होऊ दे. वर्गातून उठवून आणायचं नाही, पोरं बघतात. शाळा सुटली की मी पार्किंगमध्ये जाऊन सांगीन, तिच्या गाडीत बसून. मग गाडी मी चालवीन. हे सगळं माझं ठरलेलं आहे, तुम्ही काळजी करू नका. चला."

"मॅम. मला दिलेलं नाव ब्रिन आहे. ब्रिन होरवाथ. हा शाळेचा कार्यक्रम आहे. प्रॉमचा. तुम्ही सही केलीय."

पडद्यावर आईची लोंबती बाही दिसली.

"ब्रिन?"

"होय, मॅम."

"अरे देवा! ब्रिनच होय!" आणि मग ते हसणे. ऐकताना ते हसण्यासारखे वाटत नव्हते. खोल पाण्यातून वर आलेला माणूस हवा घेतो तसे वाटत होते. "ब्रिन! ब्रिनला काय झालंय, ती काय तिकडं बसलीय! अहो, तुम्ही माझा जीव... डेंबस्की येणार होता ना? तुम्ही कोण?"



"मुलगा कुठे असतो, मॅम?"

"कोलोरॅडोत. पाळणे चालवतो, बर्फावर." बर्फाचे यंत्र गुरगुरले. "मला माहीत नाही कुठं असतो."

"हा माझा नंबर. कचेरीचा नाही, माझा."

दार उघडले. व्हिटेकरांचा आवाज आला, "रोंडा, छान, फारच छान, फक्त हसू नका," आणि पडदा काळा झाला.

ब्रिनने कानातल्या तारा काढल्या. शेजारच्या टेबलावर गाडीचे भांडण मिटून हसणेखिदळणे चालले होते. आई जीन्स आणि मोजे घालूनच झोपायची. रात्री पाणी प्यायला उठलेल्या ब्रिनने ते कितीदा पाहिले होते आणि थकली असेल म्हणून अंगावर पांघरूणही घातले होते. आई थकलेली नव्हती. तयार होती. एकेका रात्री ती मनातल्या मनात कोट घेत होती, किल्ल्या चाचपत होती, मागच्या दाराने निघत होती, आणि दर वेळी ब्रिनचा कुठला तास चालू असेल ते पाहून पुढचे ठरवत होती. त्या सगळ्यात ब्रिन होती. प्रत्येक वेळी होती. फक्त मरणारी म्हणून ती कधी आईच्या मनातही आली नव्हती. आणि तिचे नाव ऐकून आईला सुटल्यासारखे वाटले, हेही तितकेच खरे होते. यातले एक धरून दुसरे सोडून देता येईना.

"पुसू?" लाइलने विचारले.

तिने होकार दिला. तिच्यासमोर बटण दाबून त्याने पडदा तिच्याकडे वळवला. जागा रिकामी होती.

"मी काही ऐकलेलं नाही," तो म्हणाला. मग त्याला ते पटले नसावे. "म्हणजे ऐकलंय. पण कुणाला सांगणार नाही. तू मेलीयस, तुझी शप्पथ घेऊन उपयोग नाही, माझ्या आजीची घेतो."

ब्रिनने वाटीतला एक गोळा उचलून खाल्ला.

सहाव्या तासाला ती क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवून आपल्या जागी बसली, कारण मेलेल्यांनी वाजवायचे नव्हते. तिच्या एकटीच्या तुकड्यापाशी आल्यावर शिक्षकांनी हात वर धरला आणि तेवढा वेळ सबंध बँड गप्प बसून राहिला. कुणीतरी नाक ओढले. मग हात खाली आला आणि पुढची धून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शाळा जिममध्ये जमली. मधोमध रिकामी शवपेटी होती आणि तिच्या मागे चौदा मेलेली मुले काळ्या शर्टांत ओळीने बसली होती. रात्र त्यांनी एका चर्चच्या सभागृहात काढली होती, फोनशिवाय, घरच्यांशी न बोलता. रंग सकाळी पुन्हा लावलेला होता. आईवडील समोर पहिल्या रांगेत होते. दिवे मंद झाले आणि भिंतीवर एकामागून एक दारे उघडू लागली: एका बापाच्या गॅरेजचे, एका दातांच्या दवाखान्याचे, मग नर्सच्या खोलीचे. आईने तोंड झाकले तेव्हा मुले बसली होती त्या पायऱ्यांवरून हुंदके ऐकू आले. डाल्टनही बाहीने डोळे पुसत होता. ब्रिन पडद्याकडे पाहत नव्हती, आईकडे पाहत होती. आई पडद्यावर रडणाऱ्या त्या बाईकडे जरा मान कलती करून, ओळखीची वाटते पण नाव आठवत नाही अशा नजरेने पाहत होती. फोन तिच्या गुडघ्यावर होता.

शेवटी व्हिटेकरांनी ध्वनिक्षेपकातून सांगितले की मुलांनी आता उठावे, बोलावे, घरच्यांना भेटावे. एकच गलका झाला. खुर्च्या सरकल्या, आया धावल्या, कुणी कुणाच्या गळ्यात पडून मी कधी पिऊन गाडी चालवणार नाही म्हणून शपथा घेऊ लागले. रोंडा गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात ओल्या कागदी रुमालांचे पाकीट होते.

"बघ, कातडी कशी लाल झालीय खाली. रात्री धुतलंस का नाही?" तिने ब्रिनची हनुवटी धरली आणि पुसायला सुरुवात केली. "पुरती मेलेली दिसतेस. बोल की आता. आता चालतं बोललेलं."

दिवसभर न वापरलेला ब्रिनचा आवाज खरखरीत झाला होता.

"मॉम, गॅरेटसाठी ते येतील ना, तेव्हा शाळा सुटेपर्यंत थांबू नकोस."

रुमाल तिच्या गालावर थांबला.

रोंडाची नजर जिममधून फिरली. शिडीवर उभ्या लाइलच्या कॅमेऱ्यापाशी ती थबकली, दाराकडे गेली आणि परत आली. आता ती म्हणेल, कोण येणार आहे, तो कोलोरॅडोत आहे. ब्रिन त्या वाक्याची वाट पाहत राहिली. रोंडाने तोंड उघडले आणि ते म्हटले नाही. तिचा फोन खुर्चीवरच राहिला होता.

"बँड चालू असला तर?" तिने विचारले.

"तरी."

"पोरं बघतील."

"बघू देत. तू एकटी जायचं नाहीस तिथं."

आजूबाजूला फोटो काढले जात होते. कुणीतरी त्या दोघींना जरा इकडे बघा म्हणाले, पण दोघींनीही बघितले नाही. रोंडाने पाकिटातून नवा रुमाल काढला. ब्रिनच्या कपाळापासून सावकाश, एकेक पट्टा पुसत ती खाली येऊ लागली, आणि रंगाखालून जे जे निघत होते त्यावरून तिने डोळे हलवले नाहीत.

"बरं," ती म्हणाली. "मी येईन. स्वतः येईन वर्गात."